छातीचा फोटो

क्ष-किरण हा शब्द आम्ही वर्गात परिभाषेवर बोलताना नेहमी उदाहरणादाखल घेतो. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत जे किरण सापडले, त्यांचे स्वरूप त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्यांनी त्या किरणांना दिले, 'एक्स'. मराठीने ते अक्षर उचलून आणले नाही. आपल्या बीजगणितात अज्ञातासाठी जे अक्षर होते, ते 'क्ष', तिथे बसवले. अक्षर बदलले आणि अज्ञान तेवढे जसेच्या तसे भाषांतरित झाले. विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्हांला दरवेळी थोडी ऐट चढते.

सामान्य मराठी माणूस मात्र क्ष-किरण म्हणत नाही. तो 'छातीचा फोटो' काढून येतो. आमच्या घरातल्या आजींनीही गेल्या वर्षी पालखी गेल्यावर फोटोच काढला होता, आणि घरी येताच त्यांनी विचारले होते, "चांगला आलाय का?" हा लेख त्या फोटोविषयी आहे. तो चांगला आला आहे असे आम्ही सर्वांनी अकरा दिवस मानले, त्याविषयीही आहे.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात वसलेल्या सांगवीत आमचे बिऱ्हाड आहे, आणि आम्हां दोघांच्या घरात मराठीचा एकही विद्यार्थी तयार झाला नाही. कन्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तिथल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने पाठवतात. त्याला ती मुले 'पोस्टिंग' म्हणतात. तिचे क्ष-किरण विभागातले पोस्टिंग दोन आठवड्यांचे होते. एमबीबीएसच्या परीक्षेत या विषयाचा स्वतंत्र पेपर नसतो. त्यामुळे सही करून ग्रंथालयात पळण्यासाठी याहून सोयीचे पोस्टिंग नाही, असा तिच्या वरच्या वर्गातील मुलांचा अनुभव होता. गंमत अशी की पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी वरच्या क्रमांकांची मुले आधी हीच शाखा पटकावतात. ज्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या वर्षी बसवत नाही, तीच पुढे आयुष्यभरासाठी हवीशी वाटते.

कन्येला ती तेव्हाच हवी होती. आदल्या रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, आई, दोन आठवड्यांत छाप कशी पाडायची?"

प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला गेला नव्हता. महाविद्यालयात नॅकची समिती येते तेव्हा छाप पाडण्याचे काम मराठी विभागाकडे हमखास येते. स्वागतगीत आमचे, सूत्रसंचालन आमचे, फलकांवरची सुभाषिते आमची. कपाटातल्या फायलींच्या पाठींवर एकाच रंगाच्या चिठ्ठ्या कशा लावाव्यात, समितीने प्रश्न विचारताच उत्तर नसले तरी फाइल कशी पुढे करावी, याचा आमचा अनुभव वीस वर्षांचा. आम्ही तिला सल्ला दिला: वेळेआधी जा, पुढे बस, पहिले उत्तर तुझे असू दे, आणि उत्तर देताना अडखळू नकोस. आवाजात खात्री असली की निम्मे काम होते.

तिने आमच्यापुढे एक पाऊल टाकले. क्ष-किरण चित्रांत दिसणाऱ्या खुणांची नावे तिने दोन रात्रींत पाठ केली. ती ऐकून आम्ही चकित झालो. जन्मजात दोष असलेले एक हृदय 'बुटाच्या आकाराचे', दुसरे 'दोरीवरच्या अंड्यासारखे'. फुप्फुसांत पाणी उतरले की दिसतात ते 'वटवाघळाचे पंख'. म्हणजे हे सगळे शास्त्र उपमा अलंकारावर उभे होते! आम्ही तिला उपमेय आणि उपमान समजावून सांगितले. ते तिला ठाऊक होते. शाळेत आम्हीच शिकवले होते.

पहिला आठवडा छान गेला. मॅडम परगावी होत्या आणि निवासी डॉक्टर मुलांना चित्रे दाखवीत. कन्या सर्वांआधी उत्तर देई आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. कुणीतरी "वा!" म्हणाले, ते तिने घरी येऊन दोनदा सांगितले.

त्याच आठवड्यात आजींचा फोटो निघाला. तुकोबांची पालखी दापोडीवरून पुण्याकडे जाते, तेव्हा आजी दर्शनाला जातातच. त्या वर्षीही गेल्या, भिजल्या, आणि खोकला घेऊन आल्या असे आम्ही धरून चाललो. खरे म्हणजे खोकला आधीपासून होता. पण भिजण्याची कथा इतकी सुसंगत होती की आधीचा खोकला आम्ही तीतून वगळला. तीन आठवडे झाले तसे घराजवळच्या डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला आणि बजावले, "फोटो आणि रिपोर्ट, दोन्ही घेऊन या." फोटो लगेच मिळाला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता.

त्या रात्री कन्येने तो फोटो नळीच्या दिव्यासमोर धरला. आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. आजी खुर्चीवर बसून आमच्या पाठी पाहत राहिल्या. ती सफाईने सांगू लागली. हृदयाचा आकार नीट आहे. श्वासपटलाच्या कडा स्वच्छ आहेत. फुप्फुसे मोकळी आहेत. "आणि हे उजवीकडे वर, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे धुरकट दिसतंय ना, ती आजीची माळ. एका बाजूला सरकली असणार. आर्टिफॅक्ट."

या शब्दाने आम्ही गार झालो. समीक्षेत कलावस्तूला जो शब्द, तोच त्यांच्या शास्त्रात चित्रात बाहेरून शिरलेल्या खोट्या खुणेला! आम्ही त्यावर दहा मिनिटे बोललो. आजींची तुळशीची माळ वारकऱ्याची. ती त्या गळ्यातून काढीत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. स्पष्टीकरण पक्के बसले. "चांगला आलाय म्हणायचा," असे म्हणून आजी झोपायला गेल्या. त्या आणि कन्या एकाच खोलीत झोपत.

रिपोर्ट आणायला कुणी गेले नाही. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे ते दिवस होते. खोकल्याचे औषध घरात होते आणि डॉक्टर तर घरातच होती.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक चित्र लावले आणि कन्येने, आमच्या सल्ल्याप्रमाणे न अडखळता, रोगाचे नाव घेतले.

"हा फोटो कुणाचा आहे?" मॅडमनी विचारले.

तिने नाव पाहिले नव्हते. बाई की पुरुष, वय काय, तारीख कोणती, डाव्या-उजव्याची खूण कुठे आहे, यांतले काहीच पाहिले नव्हते. फोटो उभे करून काढला की निजवून, हेही नाही. निजलेल्या माणसाचा समोरून काढलेला फोटो असला तर निरोगी हृदयही मोठे दिसते. श्वास पुरता घेतला होता का, हे फासळ्या मोजून ठरवायचे असते. तिने मोजल्या नव्हत्या.

"तुझं उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तू फोटो वाचलेला नाहीस. आधी दिसतं ते सांग. काय वाटतं, ते शेवटी."

मग त्यांनी एक लिहिलेला रिपोर्ट पडद्यावर आणला. त्याची रचना ठरलेली असते. आधी तपासणी कोणती आणि कशासाठी. मग काय दिसले त्याचे वर्णन. आणि अगदी तळाशी एक मथळा असतो, 'इम्प्रेशन'. जे पाहिले त्यावरून तज्ज्ञाचे झालेले मत तिथे दोन ओळींत येते. कन्येने हे घरी सांगितले तेव्हा आम्ही हसलो. पाच दिवस ती ज्या इम्प्रेशनच्या मागे होती, ते त्या विभागात रोज तयार होत होते. फक्त ते विद्यार्थ्याविषयी नव्हते, रुग्णाविषयी होते, आणि ते कागदाच्या तळाशी होते.

त्या आठवड्यात ती गप्प राहायला शिकली. मॅडम रिपोर्ट सांगत असताना मधे प्रश्न विचारायचा नाही. झाल्यावर एकच विचारायचा. सकाळी अर्धा तास आधी जाऊन दिवसाच्या यादीतली दोन चित्रे स्वतः पाहून ठेवायची, आपल्याला दिसले ते वहीत लिहायचे आणि मग मॅडमच्या रिपोर्टाशी ताडून पाहायचे. तपासणी कशासाठी सांगितली आहे ते चिठ्ठीवर वाचायचे. चिठ्ठीवर नसले तर वॉर्डात जाऊन विचारायचे. तंत्रज्ञांना नावाने ओळखायचे. म्हाताऱ्या माणसाला टेबलावरून उतरायला हात द्यायचा. छातीच्या चित्रात नजर जिथे चुकते त्या जागा ठरलेल्या आहेत, त्या मुद्दाम पुन्हा पाहायच्या: फुप्फुसांची शिखरे, गळ्याच्या हाडांमागचा भाग, हृदयामागचा भाग, श्वासपटलाखालचा भाग. आणि एखादी खूण बाहेरची आहे असे म्हणण्याआधी रुग्णाला विचारायचे.

हे शेवटचे वाक्य मॅडमनी बुधवारी सांगितले. कन्या घरी आली, चप्पल न काढता आजींच्या खोलीत गेली.

"आजी, फोटो काढताना तुझी माळ कुठं होती?"

"माळ? ती बाई म्हणली काढा. म्हणलं, माळ नाय काढायची मी. मग ती म्हणली, वर धरा. म्हणून मी दातांत धरली होती."

कन्येने पाकीट उघडले, फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मण्याला कड असते. याला कड नाहीये."

आमच्यापैकी एकजण तसाच स्कूटर काढून गेला. रिपोर्ट खिडकीवरच्या पेटीत अकरा दिवस आजींच्या नावाने पडून होता. वर्णन चार ओळींचे होते. तळाशी इम्प्रेशन: उजव्या फुप्फुसाच्या शिखरभागात धूसर छाया, क्षयरोगाची शक्यता, थुंकीची तपासणी करावी आणि रुग्णाच्या लक्षणांशी ताळा घालून पाहावा.

थुंकीच्या तपासणीत तो क्षयच निघाला. औषधांना दाद देणारा होता, हे आमचे भाग्य. सहा महिन्यांचे उपचार: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात, आणि रुग्णाच्या पोषणासाठी दरमहा रक्कम खात्यात येते. २०१८ साली ती पाचशे रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार आहे. नोंदणीच्या संगणकप्रणालीचे नाव 'निक्षय'. एरवी या नावावर आम्ही तास घेतला असता. त्या दिवशी आम्ही नुसता अर्ज भरला.

आजी आता बऱ्या आहेत. गोष्ट सुखान्त आहे म्हणून ती सोपी होत नाही. अकरा दिवस एका खोलीत दोघी झोपल्या, त्यांतली एक वीस वर्षांची होती. कन्या त्या रात्री म्हणाली, "मला ते दिसलं होतं. न दिसणं वेगळं. मला दिसलं होतं आणि मी त्याला नाव देऊन टाकलं." आम्ही तिला समजावू लागलो की तू अजून शिकतेस, दोष आमचा आहे, रिपोर्ट आम्ही आणला नाही. ते खरेही होते. पण तिचे वाक्य त्याहून खरे होते, आणि ते आम्हांला आमच्या वर्गातून ओळखीचे वाटले.

आय. ए. रिचर्ड्स यांचा १९२९ सालचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ आम्ही एम.ए.ला शिकवतो. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांवर लिहायला सांगितले. जे हाती आले त्याचा त्यांना धक्का बसला: अनेकांना कवितेचा साधा अर्थही लागला नव्हता आणि तरी मते मात्र ठाम होती. आधीच तयार असलेल्या भावना कवितेचे निमित्त मिळताच बाहेर पडल्या होत्या. रिचर्ड्स नाव झाकतात आणि मॅडम आधी नाव वाचायला लावतात. वरवर पाहता या दोन रीती उलट आहेत. दोघांचा रोख मात्र एकच आहे. समोर जे आहे ते पाहण्याआधी मनात जे तयार आहे, त्याला थांबवायचे. कवीचे मोठे नाव वाचकाचे काम हलके करते, म्हणून ते झाकावे लागते. रुग्णाचे नाव वाचकाला आठवण देते की ही छाती कुणाची तरी आहे.

आम्ही ज्या दिवसांत रिपोर्ट आणला नाही, त्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासत होतो. रसग्रहणाच्या प्रश्नाला बहुतेक उत्तरांची पहिली दोन वाक्ये सारखीच असतात, कारण मार्गदर्शक पुस्तक एकच असते. 'कवीची प्रतिभा', 'निसर्गाचे मनोहारी चित्रण', 'प्रतिमांची पखरण'. मुले कवितेतली एकही ओळ न पाहता थेट इम्प्रेशन लिहितात. आणि आम्ही? पहिली दोन वाक्ये पाहून उत्तर कोणत्या वजनाचे हे ठरवतो आणि उरलेल्या दीड पानावरून लाल पेन फिरवतो. त्या दीड पानात कुठे गळ्याच्या हाडामागे धुरकट काही असेल, एखाद्या मुलीने खरेच काही पाहिले असेल, तर ते आम्हांला माळच वाटले असणार.

हा दोष केवळ नवशिक्यांचा नाही, हे वाचून आम्हांला दिलासा मिळाला आणि भीतीही वाटली. ट्रॅफ्टन ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस क्ष-किरण तज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी चित्रांत गाठी शोधायला सांगितल्या आणि त्यांतल्या एका भागात गोरिलाचे चित्र दडवून ठेवले. ते एखाद्या सरासरी गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठे होते. वीस तज्ज्ञांना ते दिसले नाही. नजरेचा माग घेतला तेव्हा कळले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी त्याच्याकडे थेट पाहिले होते. त्यांच्या शास्त्रात आणखी एक संज्ञा आहे. तिला आम्ही 'शोधाचे समाधान' म्हणू. एक दोष सापडला की मन तृप्त होते आणि दुसरा शोधायचा राहून जातो. कवितेत एक प्रतिमा सापडली की आमचे असेच होते. पाठ केलेली यादी म्हणूनच त्यांना लागते. ती हुशारी नसलेल्यांची कुबडी नसते. हुशार माणसाच्या घाईला ती वेसण असते.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी कन्येने मॅडमना सगळे सांगितले. त्याने छाप पडेल की पुसली जाईल, हे तिने आम्हांला विचारले नाही. विचारले असते तर आम्ही बहुधा सांगू नकोस असेच म्हटले असते. नॅकच्या समितीला आम्ही असे कधी काही सांगितलेले नाही. मॅडमनी आजींची चौकशी केली, घरातल्या सर्वांची तपासणी झाली का ते विचारले, लॉगबुकवर सही केली. मग म्हणाल्या, "दुपारी मोकळी असलीस तर येऊन बसत जा." ती अजून जाते.

घरातल्या सर्वांची तपासणी तेव्हा व्हायची होती. सांगवी फाट्याजवळ उरो रुग्णालय आहे. त्याच्या पाटीवरून आम्ही वर्षानुवर्षे जात-येत होतो आणि 'उर' या शब्दाला मराठीत किती अर्थ आहेत, उर भरून येतो, उरात धडकी भरते, उरावर ओझे बसते, एवढेच आमच्या मनात येई. आता आम्ही आपापले उर घेऊन रांगेत उभे राहिलो. आत हनुवटी टेकवून, खांदे पुढे करून उभे केले. काचेमागून आवाज आला, "श्वास घ्या. धरा. सोडा." धरलेल्या त्या दोन-तीन क्षणांत माणसाला आपल्याविषयी कुणाचे मत काय होईल हे खरोखर सुचत नाही.

रात्री कन्येने दोन्ही फोटो दिव्यासमोर धरले. आम्ही मागे उभे, आजी खुर्चीवर. तिने आधी नाव वाचले. आडनाव एकच असल्याने पहिले नाव मोठ्याने वाचले. मग वय, तारीख, डाव्या-उजव्याची खूण. मग फासळ्या मोजल्या. खूप वेळ लागला. एका फोटोत मंगळसूत्राविषयी तिने विचारले. ते काढून ठेवले होते, असे उत्तर मिळाले. शेवटी ती म्हणाली, "मला काही वेगळं दिसत नाहीये. पण हे फक्त मला दिसलं ते. रिपोर्ट आणा."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. आम्ही दोघेही गेलो.